दुर्बिणीची कूस

१० नोव्हेंबर १९९८
पोचलो एकदाचा! संगमनेरहून जीपने धूळ खात टेकडीवर आलो. वर घुमट, शेजारी दोन खोल्यांचं क्वार्टर, मोरी, आणि चक्क फोन. केडगावात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या महेंद्र साळव्याला दुर्बिणीवर नोकरी मिळेल असं कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का? वेधशाळा आबासाहेबांची. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. हौसेने स्वतःच्या टेकडीवर बांधली. महिनाभर काम बघणार, मग कायम करणार. बायकोला, भारतीला, सातवा लागलाय. आई नाही बिचारीला, कोपरगावला भावाकडे वहिनीची बोलणी खात बसलीय. खोल्या बघितल्या आणि ठरवून टाकलं, तिला इथंच आणायचं.

१२ नोव्हेंबर
यंत्र झकास आहे. कॉम्प्युटर रात्रभर दुर्बीण फिरवतो, कॅमेरा आपोआप फोटो काढतो, आपण नुसता चहा प्यायचा. खोट एकच. तारा आभाळाची मधली रेघ ओलांडून पश्चिमेला कलला की दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला पलटावी लागते, नाहीतर खांबावर आदळेल. इथली पलटतच नाही. मध्यावर येते आणि थांबते. निम्मी रात्र फुकट! आबासाहेबांना विचारलं, तर एवढंच म्हणाले, "मध्यावर आली की थांबव. पलटू द्यायची नाही." वायरी गुंडाळतील म्हणून म्हातारा घाबरत असणार.

डबा आणणाऱ्या बनाबाईंना हे पलटणं हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी कूस बदलती म्हना की." वा! आता मीही तसंच म्हणणार.

१५ नोव्हेंबर
जमलं! प्रोग्रॅममध्येच कुणीतरी अडसर घालून ठेवला होता, तो काढला. वायरी लांब केल्या, वजनं तोलली. काल रात्री बाईसाहेबांनी डौलात कूस बदलली. त्यानंतरचे फोटो उलटे येतात, पण ते ठीकच आहे, फिरवून घ्यायचे. मृगाचा एक फक्कड फोटो आला की आबासाहेबांपुढे ठेवतो. मग बघू कसे कायम करत नाहीत ते.

१७ नोव्हेंबर
कूस बदलायच्या आधीचे तारे टाचणीच्या टोकासारखे. नंतरचे सगळे रेघोट्या. दर रात्री तेच. म्हणजे काहीतरी थरथरतंय. दातेरी चाकं पाहिली, वजनं पाहिली, एकूण एक नट आवळला. फरक शून्य.

१८ नोव्हेंबर
आज पलटल्यावर सगळं बंद केलं आणि खांबाच्या बुडाशी पाण्याचा पेला ठेवला. पाणी थरथरत होतं. थरथर खालून येतेय. सिमेंटला कान लावला. गोधडीवर कुणी जड माणसाने वळावं तसा आवाज आला. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, भुताखेतांना थारा नाही. घूस असेल.

खाली दहा फूट काँक्रीट आहे म्हणे. त्यात घूस कुठून येणार?

१९ नोव्हेंबर
खांबाभोवती गोल तडा गेलाय. तड्यातून वीतभर लांब, गंजका खिळा वर आलाय. बनाबाईंनी तो पाहिला आणि डबा उंबऱ्यावरच ठेवला. बाई पोटुशी मेली की तिला असे खिळे ठोकून पुरायचे, म्हणाल्या. उद्यापासून येणार नाहीत.

दिवसभर भारतीच डोळ्यांपुढे येतेय. मला भीती वाटते. लिहूनच टाकतो, वाटते.

२० नोव्हेंबर
आबासाहेब आले. फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. किती वेळा पलटवलीस, एवढंच विचारलं. पाच, म्हणालो. मग त्यांनी सगळं सांगितलं.

खाली त्यांची पहिली बायको आहे, आक्काबाई. सातव्या महिन्यात गेली, मूल पोटातच राहिलं. आबासाहेबांच्या आईने तिला पालथी पुरली. जागी झालीच तर माती उकरत खाली खालीच जावी म्हणून. पुढे गावात कुजबूज वाढली, तेव्हा आबासाहेबांनी वर काँक्रीट ओतलं आणि त्यावर वेधशाळा उभी केली. आधीच्या माणसाकडून दुर्बीण एकदाच पलटली होती. खालचं हललेलं त्याने ऐकलं आणि तो पळून गेला. अडसर तेव्हाचा.

"दुर्बीण पलटली की दरवेळी तीही थोडी वळते. तू तिला पुरती वळवलंस, महेंद्र. तिचं तोंड आता वर असेल." काय हवंय तिला, मी विचारलं. मूल, म्हणाले.

कोपरगावला फोन लावला. वहिनीशी भांडून भारती सकाळीच निघालीय.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ
भारती आली. दमलीय, पण खोल्या बघून केवढी खूश! तिला काय सांगू? आबासाहेबांची जीप खाली गेली, आता सकाळीच येईल. फ्यूज काढलेत. वायरी तोडल्यात. घुमटाला कुलूप. तिला डाव्या कुशीवर झोपवलंय, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मी दाराला खुर्ची लावून बसलोय.

रात्री
घुमटातून दुर्बिणीच्या मोटारचा आवाज. वीज नाही, वायर नाही, तरी — पलटतेय. पलटली.

आता शांत. खुर्चीशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा

खिडकीतून बघितलं. अंगणात सिमेंटच्या चुऱ्याची पावलं, दारापर्यंत. खुर्ची हललेली नाही. कडी तशीच. पण आत, पलंगाशीही —

भारती श्वास घेतेय. बरं आहे. चादरीवर चुरा पडलाय. आणि ती पालथी झोपलीय. अगदी सपाट, पालथी. सातव्या महिन्यात कुणी असं — पोटावर भार येईल, गुदमरेल ती. हाक मारली तर ओ देत नाही. खांद्याला धरून हळूच वळवतो, एवढं झालं की