पाहुण्यांचा रंग

४ ऑगस्ट

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक, तूही असशील.

वर्कशॉपमागच्या ओंडक्यावर पाहुणे पुन्हा आलेत. मला वाटलं, कुणीतरी पॉलिश सांडलं. पण काल बाबांनी बोट लावून, वास घेऊन खात्री केली. तेच ते, लाकडावर हळूहळू सरकत पसरणारा चिकट थर. विज्ञानाच्या बाईंनी तुला ‘स्लाइम मोल्ड’ हे नाव सांगितलं होतं, बुरशी म्हणू नका म्हणून बजावलंही होतं. बाबांनी ते नाव तीनदा घोळवून पाहिलं आणि ‘पाहुणे’च कायम ठेवलं.

आठवतं? पाहुणे ओंडक्यावर फिरायला लागले की त्या बाजूची करवत बंद. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल. एकदा आपण त्यांना सालीसकट उचलून टोपलीखाली जपून ठेवलं, रोज ओट्स घातले. ते नुसते पसरत गेले. देठांवरच्या त्या बारीक गोळ्या काही येईनात. तू रडकुंडीला आलास. बाबांनी टोपली काढली, ओट्स बंद केले, साल खिडकीत ठेवली. म्हणाले, पोट भरलेलं, वर अंधार, मग बी कशाला धरतील? थोड्याच दिवसांत देठ उभे.

बाबांचं बरं चाललंय. चहा स्वतः करतात. रंधा अजून सरळ चालतो. फक्त काल नाक ओंडक्याला टेकलेलं असताना मला विचारलं, “पिवळाच आहे ना गं?”

मी हो म्हटलं. कुठला पिवळा, ते मला सांगता येईना. तर म्हणाले, तुला लिंबू नि केळं एकच, छोट्याने बरोबर सांगितलं असतं.

मग स्वतःहूनच त्या कपाटाचा विषय काढला. गिऱ्हाइकासमोर तू पॉलिशचा रंग चुकलाय म्हणालास आणि त्यांनी तुला दाराबाहेर काढलं, ते कपाट.

“रंग चुकलाच होता,” म्हणाले. “मला तेव्हापासूनच नीट दिसत नव्हतं. कळव त्याला.”

म्हणून कळवतेय. डॉक्टर म्हणतात, उरलीसुरली नजर फार तर हे वर्ष पुरेल.

पाहुणे आता सावली सोडून ओंडक्याच्या माथ्यावर चढलेत आणि थांबलेत. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर देठ उभे राहिले असतील. गोळ्या आठवडाभर टिकतील, मग फुटून पूड उडेल. बाबांनी ओंडक्याजवळ दोन स्टुलं मांडून ठेवलीत. दुसऱ्यावर मला बसू देत नाहीत.

तुझी,
रंग न कळणारी ताई