बोअर नंबर सातचा तुकडा

बंगळूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. गणपतमामांस,
मयुराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी निरोप अर्धाच सांगते, म्हणून पत्र. मामा, बोअर नंबर सातच्या त्या चमकत्या तुकड्याने माझं नशीब उघडलं! गंधकाचे काही अणू हलके, काही जड. पृथ्वीच्या पोटातून थेट वर आलेल्या गंधकात त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. बाकीचे तुकडे तसेच निघाले, तुम्ही दिलेला मात्र साफ वेगळा. म्हणजे शिलारसाने वर येताना बाजूच्या काळ्या खडकातलं गंधक गिळलं, म्हणून तिथे निकेल-तांब्याचं खनिज साचलं. माझा अख्खा प्रबंध आता यावर उभा आहे.

गाईड मॅडमना एकच कागद हवाय : तुकडा खोदल्यापासून माझ्या हाती येईपर्यंत पेटीतल्या आपल्या जागेवरून हललेला नव्हता, असा. निवृत्त होईपर्यंत तेवीस वर्षं भूविज्ञान खात्याच्या शेडमध्ये खनिजासाठी खोदलेल्या बोअरचे दगड नंबरवार पेट्यांत तुम्हीच सांभाळलेत, तेव्हा सही तुमचीच. प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे. लग्नाचा विषय त्यानंतर, असं मामीला सांगा.

माया आहे ती अशीच राहू द्या.
तुमची मयुरा

नंदनवन, नागपूर, १२ फेब्रुवारी

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. मामी विचारून राहिली की भाचीचं एवढं चांगलं झालं, तर तुम्ही धड जेवून काहून नाही राहिले. तिला काय सांगू?

खंडेनवमीला आम्ही शेडमध्ये ड्रिलच्या बिटांसोबत चमकणारे दगडही पुजत असू. पोट त्यांच्यावरच होतं. २०११ साली कवडू चौकीदाराने हौसेनं ते दगड दुधापाण्याने घासून काढले आणि खडूने लिहिलेले नंबर धुऊन गेले. तुटलेली टोकं जुळवून मी एकेक दगड जागेवर ठेवला. दोन मात्र जुळेनात. एक सातचा, दुसरा पलीकडच्या टेकडीवरच्या तीनचा. कोणता कुठला ते कळेना, अंदाजाने ठेवून दिले. साहेबांना बोललो नाही, नोकरीची भीती वाटली. तू त्यातलाच तुकडा मागितलास तेव्हा मला सगळं आठवत होतं. पण तुझा चेहरा पाहून सांगायला जीभ रेटली नाही.

सोबत सही केलेला कागद आहे. वापरायचा की फाडायचा, ते तू ठरव. कवडू वारला. आता हे दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.
तुझा मामा

बंगळूर, २१ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न.

खोटं कशाला बोलू, तुमचा कागद एक दिवस मी फाइलला लावला होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फाइल मागितली आणि मी रडतच तुमचं पत्रही त्यांच्यापुढे ठेवलं. आकडा खरा आहे, पण दगड कुठला तेच माहीत नसेल तर आकडा काय चाटायचा? प्रबंध वर्षभर पुढे गेला. सातमधले नवे तुकडे घेऊन सगळं पुन्हा करायचं.

मामा, चौदा वर्षांपूर्वी दगड हलले, हे मी समजू शकते. परवाची सही समजत नाही. नोंद केल्याशिवाय खडाही बाहेर जाऊ न देणारे तुम्ही. माझ्या हातात खोटं दिलंत आणि वर तूच ठरव म्हणालात. याचं मला फार वाईट वाटलं.

रागात लिहिलंय, पण नातं तोडलेलं नाही.
मयुरा

नागपूर, ४ मार्च

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. काल ऑफिसात जाऊन नव्या साहेबांना सगळं लेखी दिलं. मला पाहून ते उठून उभे राहिले होते. वाचून झाल्यावर बसा म्हणाले नाहीत.

मग जुनं रजिस्टर काढलं. त्या दोन तुकड्यांचे काप तुझ्याआधी आणखी चौघांनी नेले आहेत. एक आता प्राध्यापक आहे. एका मुलीला त्याच कामावर पदवी मिळाली. चौघांनाही मीच कळवतो, असं साहेबांना सांगून आलो. या वयात लोकांच्या शिव्या काहून ओढवून घेता, असं मामीचं म्हणणं.

सकाळपासून त्या मुलीला लिहायला बसलो आहे. तू घरची होतीस वं, आशीर्वादाने सुरुवात करता आली. तिला काय म्हणून लिहू?

उत्तर लवकर धाड.
तुझा मामा