खोली रिकामी दिसली त्या अर्ध्या तासाबद्दल

प्रति,
मा. प्रतीक्षायादी अधिकारी,
परवडणारी घरे व भाडेसाहाय्य विभाग,
गृहनिर्माण कार्यालय, दुसरा मजला, खिडकी क्रमांक पाच.

विषय : प्रतीक्षायादीतून कमी केलेले नाव पूर्ववत अडतिसाव्या क्रमांकावर घेणे, भाडेसाहाय्याचा नामंजूर अर्ज पुन्हा विचारात घेणे आणि खोलीची फेरतपासणी, शक्यतो न कळवता, करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, जावक क्र. ४११७.
२) त्यासोबतचा तपासणी अधिकाऱ्यांचा शेरा : ‘खोली प्रशस्त व हवेशीर. प्रत्यक्ष आढळलेल्या व्यक्ती दोन. अडचणी नाहीत. कुटुंब समाधानी.’

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत खाली सही करणारा अर्जदार सविनय कळवितो की, तो व्यवसायाने घरसामान हलवणारा असून गेली बावीस वर्षे लोकांची बिऱ्हाडे एका घरातून दुसऱ्या घरात सुखरूप पोचवीत आला आहे. त्याच्या हातून आजवर काचेचा पेलाही फुटलेला नाही. स्वतःचे बिऱ्हाड हलवण्याचा योग मात्र आला नाही. तो यावा म्हणून त्याने अकरा वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयात नाव नोंदवले, तेव्हा क्रमांक एक हजार नऊशे सहा होता. दर तीन महिन्यांनी खिडकी क्रमांक पाचवर जाऊन नवा क्रमांक विचारायचा आणि घरी येऊन तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहायचा, असा त्याचा रिवाज आहे. त्याच दारावर अर्जदाराच्या जुळ्या मुलींची उंचीही लिहिली जाते. मुली वर चढत गेल्या, क्रमांक खाली उतरत गेला आणि गेल्या तिमाहीत तो अडतीस झाला. या महिनाअखेरच्या वाटपात पहिल्या चाळिसांना घरे मिळणार आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच.

२. खोली दहा बाय बारा फूट, चौथा मजला, मागचा जिना. राहणारी माणसे सहा : अर्जदार, पत्नी, आई, दोन मुली आणि मेहुणा. मेहुणा सात वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आला होता. तो पंखे दुरुस्त करतो, त्यामुळे खोलीत कोणत्याही दिवशी सात-आठ पंखे असतात आणि वारा एकाचाही येत नाही. पत्नी शिवणकाम करते. तिचे यंत्र चालू असताना मुलींना अभ्यासासाठी खाटेवर बसावे लागते, आणि मुली खाटेवर असताना आईला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. कोणी कोणाच्या पायात आले तरी भांडण होत नाही, कारण भांडायलाही थोडी जागा लागते.

३. आईचे गुडघे धरले आहेत. “रोज चालल्या नाहीत तर कायमच्या बसाल,” असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. जिना उतरणे तिला जमत नाही आणि खोलीत चालायला वाट नाही. गेले चौदा महिने ती खाली उतरलेली नाही. अर्जदाराने तिला खुर्चीसकट पट्ट्याने बांधून उतरवण्याची तयारी दाखवली होती. जड वस्तू जिन्यावरून नेण्याचा त्याला पुरेपूर अनुभव आहे. त्यावर “मी काय कपाट आहे का?” असे म्हणून आईने तो प्रस्ताव फेटाळला. तळमजल्याचे घर मिळाले तर ती चालेल. ते मिळेपर्यंत तळमजल्याची एखादी खोली भाड्याने घेता यावी, म्हणून भाडेसाहाय्याचाही अर्ज केला होता. अर्जदाराची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

४. आता मुद्द्याचे. तपासणी अधिकारी मंगळवारी सकाळी अकरा वाजता येतील, असे आपले पत्र आले आणि घरात धांदल उडाली. पत्नी म्हणाली, “अकरा वर्षांत कार्यालयातून पहिल्यांदा कोणीतरी येतंय. त्यांना काय ट्रंकेवर बसवायचं?” आई म्हणाली, “घर बघायला येणारा माणूस आहे. जरा आवरून ठेव रे.” येथे अर्जदाराची चूक झाली, ती तो मोकळेपणाने कबूल करतो. दुसऱ्या कोणी जरा आवरले असते. अर्जदाराला बावीस वर्षांत जरा आवरणे माहीत नाही, त्याला घर रिकामे करणेच येते. त्याने दोन सहकारी बोलावले आणि पंचवीस मिनिटांत काम फत्ते केले. कपाट जिन्याच्या वळणावर गेले, यंत्र खालच्या मजल्यावरील घड्याळवाल्या शेजाऱ्यांकडे, ट्रंका खाली उभ्या असलेल्या ट्रकमध्ये. पंखे गच्चीवर गेले आणि त्यांच्या राखणीला मेहुणा. आई खाटेसह शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. मुली शाळेत होत्या. कपाट सरकले तेव्हा त्यामागे खिडकी निघाली. ती तेथे आहे हे घरातील सर्वजण आठ वर्षे विसरून गेले होते.

५. साहेब धापा टाकीत वर आले. शिक्षिकाबाईंकडून आणलेल्या खुर्चीत बसले, पाय लांब केले, पाणी प्याले आणि खिडकीकडे पाहून “वा, काय हवा आहे!” म्हणाले. “बाकीची मंडळी?” असे त्यांनी विचारले. पत्नीने “आहेत, इथेच आहेत,” असे खरे तेच उत्तर दिले. साहेबांनी चारी भिंतींकडे पाहिले आणि काही लिहिले. पुढे त्यांनी “काही अडचण?” असेही विचारले. घरी आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणे कोण गाणार? अर्जदार बोलून गेला, “अडचण कसली साहेब, तुम्ही आलात यातच सगळं आलं.” साहेबांनी तेही लिहून घेतले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी डोळ्यांना दिसले आणि कानांनी ऐकले तेच नोंदवले.

६. साहेबांना घर आवडले म्हणून घरातल्यांचा आनंद गगनात मावेना. साहेब गेल्यावर सहकारी कपाट उचलायला निघाले, तेवढ्यात शेजारून आई भिंत धरून आली, दारात थांबली आणि भिंत सोडून आत शिरली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नऊ पावले. तिथून वळून परत नऊ. असे ती सहा वेळा चालली, कोणाचाही हात न धरता. मग खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, “सामान आणायची एवढी काय घाई आहे?” सहकाऱ्यांना दुसऱ्या बिऱ्हाडाला जायचे होते. अर्जदाराने त्यांना अर्धा तास जिन्यात बसवून ठेवले आणि स्वतःही तिथेच जाऊन बसला, कारण त्याला रडू येत होते आणि मोकळ्या खोलीत ते लपवायला जागा नव्हती.

७. चौथ्या दिवशी आपले पत्र आले. अर्जदाराने ते मोठ्याने वाचले : नाव यादीतून कमी, भाडेसाहाय्य नामंजूर. पत्नीने कपाळाला हात लावला. मेहुण्याने आपण तात्काळ घर सोडतो असे जाहीर केले. तसे केल्यास माणसे पाच होऊन अर्ज आणखी कमजोर होईल, हे मुलींनी त्याला समजावून सांगितले. तो राहिला आहे. कपाटाच्या दारावर अडतीसखाली काय लिहायचे, हे मुली रोज विचारतात. अर्जदाराने अद्याप काही लिहिलेले नाही.

८. तरी विनंती की, फेरतपासणी व्हावी आणि तिची पूर्वसूचना कृपया देऊ नये. सूचना मिळाली तर या घरातली माणसे पुन्हा आवरतील, याबद्दल अर्जदाराच्या मनात शंका नाही. साहेबांनी सायंकाळी सात वाजता यावे. त्या वेळी सहाही जण, सर्व पंखे आणि यंत्र एकत्र आढळतील. बसायला जागा मिळणार नाही, त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

९. शेवटी शेऱ्याबाबत. त्यातील ‘प्रशस्त’, ‘हवेशीर’, ‘व्यक्ती दोन’ आणि ‘अडचणी नाहीत’ हे शब्द कमी व्हावेत. ‘कुटुंब समाधानी’ हे मात्र खरे आहे, ते खोडू नये. त्याच्यापुढे फक्त ‘पण मावत नाही’ एवढे लिहावे.

चौथ्या मजल्यावरून, आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, घरसामान हलवणारा
दिनांक : १४, शुक्रवार

सोबत :
१) त्या दिवशी कोणती वस्तू कोणाकडे होती याची यादी, शेजाऱ्यांच्या सह्यांसह.
२) आई शेजारी खाटेवर बसून होती, असा शिक्षिकाबाईंचा दाखला.
३) डॉक्टरांची चिठ्ठी.
४) कपाटाच्या दाराचा फोटो. (डावीकडचे आकडे यादीचे, उजवीकडचे मुलींचे.)
५) पत्नीचे हमीपत्र : ‘यापुढे तपासणीला कोणीही आले तरी मी खोली आवरणार नाही.’ सही करण्यापूर्वी तिने ‘निदान चादर तरी बदलीन’ एवढी सवलत मागितली आहे. ती कृपया मंजूर व्हावी.