आत्याचं ब्रूजमधलं घर

ब्रूज, ३ जून

ती. होडलीव आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या धर्मादाय वसाहतीत तुझ्या नावाने घर निघालं, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, आणि कोंबड्या सोडून तुला येववत नाही. एकटीने आणि पायी फिर, सोबत कुणी असलं की माणूस शहराला हसून माफ करतो, असं तू बजावलं होतंस. तर मी माफ केलेलं नाही.

मला घरी शिकवताना तू स्वयंपाकघराच्या टेबलावर खडूने काढायचीस त्या गल्ल्या सगळ्या जागच्या जागी आहेत. पण शिरलं की आधी बग्गीच्या घोड्यांच्या मुताचा वास, मग करपलेल्या साखरेचा, मग पुन्हा मुताचा. तुझ्या लहानपणीच्या पाववाल्याच्या दुकानात आता चॉकलेटचे स्तन मांडले आहेत. लिहायची लाज वाटते, पण काही लपवू नकोस म्हणालीस. लेसच्या दुकानात मी विचारलं की ही इथेच विणता का, तर बाई म्हणाली की पोरी, इथे आम्ही फक्त पिशवीत भरतो. कालव्यात तेलाचा तवंग, त्यावर अर्धा वॉफल, आणि त्यासाठी हंसांची मारामारी.

न्याय म्हणून लिहिते, घंटा छान वाजतात.

राग मानू नकोस, लोभ आहे तसाच ठेव.

तुझी
फेर्ले


लाम्पर्निस, ४ जून

चि. फेर्लेस,
अ. आ.

पत्र पोचलं. मी ब्रूजला भाची पाठवली होती की नुसतं नाक? घोडे माझ्या लहानपणीही मुतत होते, तेव्हा आम्ही त्याला वास म्हणत नव्हतो, गल्ली म्हणत होतो.

शेजारचा ओमेर कुंपणाशी येऊन म्हणाला की होडलीव, या वयात कुणी गाव सोडतं का, तिथे तुला कोण विचारणार. मी म्हटलं की कोंबड्या तू घे आणि तोंड मीट. तो कोंबड्या घ्यायला तयार झाला, तोंडाचं जमणार नाही म्हणाला.

बाई गं, एवढ्या मोठ्या पत्रात वसाहतीची एक ओळ नाही. तिथली माणसं कशी राहतात ते बघ आणि जसं आहे तसं लिही. पोटभर जेव.

तुला सदैव चिंतणारी
आत्या


ब्रूज, ६ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल वसाहत पाहिली. मधे बाग, भोवती ठेंगणी पांढरी घरं, ओल नाही, जिना नाही. तुझं घर कोपऱ्यातलं. तुझ्या होणाऱ्या शेजारणीने, झुल्माबाईंनी, मला हाताला धरून आत नेलं आणि सूप वाढलं.

पहिला घोट घेते तोच खिडकीच्या काचेवर एक नाक चपटं झालं. बटाट्याचे तळलेले काप खाणारा एक पर्यटक! काचेला तेलकट बोटं लावून तो झुल्माबाईंचा फोटो काढत होता, चमचा त्यांच्या तोंडात असताना. मी धावत बाहेर गेले आणि म्हटलं की इथे माणसं राहतात. त्याने फार नम्रपणे माफी मागितली, आणि आजी चमचा पुन्हा तोंडात घालतील का, असं विचारलं.

झुल्माबाई मला म्हणाल्या की बस खाली, सूप निवतंय, असे दिवसभर येतात, कंटाळा आला की मी जीभ काढून दाखवते. त्या हसत होत्या. मी खिडकीकडे पाठ करून बसले. काचेवरचे ते डाग अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

एक सांगायलाच हवं. तू लाम्पर्निस सोडावंस असं मला वाटत नाही. ते घर गेलं तर माझी शाळाच गेली. तेव्हा माझ्या किळसेतून तेवढा भाग तू वजा कर. मी स्वतः रात्रभर तो वजा करून पाहिला. तरी उत्तर ‘नाही’ असंच येतं. तू काही पिंजऱ्यातलं माकड नाहीस.

चुकलं असेल तर कान धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
फेर्ले


लाम्पर्निस, ७ जून

चि. फेर्लेस,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिते.

जानेवारीत तू परीक्षेत होतीस तेव्हा मी स्वयंपाकघरात पडले. सकाळची वेळ होती. उठता येईना. खिडकीबाहेरून पाववाला गेला, पोस्टमन गेला, ओमेर तर दोनदा गेला. मी त्यांच्या टोप्या पाहत होते. हाक मारली, पण वारा होता. कुणी आत डोकावलं नाही. का डोकावतील? आपली माणसं सभ्य आहेत, दुसऱ्याच्या खिडकीत बघत नाहीत. अंधार पडायच्या सुमाराला खुर्चीला धरून मीच उठले.

तुझ्या त्या तेलकट बोटांच्या गाढवाने मात्र पाहिलं असतं. आधी फोटो काढला असता हे मान्य, पण पाहिलं असतं.

मी होकार कळवला आहे. टेबल सोबत नेते आहे, त्यावर तुझी शाळा येईल. तू मनाने चांगली आहेस, घर लावायला येशील तेव्हा न विचारता पडदे शिवून आणशील. आणू नकोस.

तुझी वाट पाहणारी
आत्या