तिसरा गोल कुणाचा

बियोर्कनेस,
२७ ऑगस्ट १९९५

चि. हिल्लेवीस,

गेर्डाआत्याचे निम्मे आशीर्वाद. उरलेले निम्मे तुझं पत्र आल्यावर. अख्ख्या मालमो शहराला तू रोज सकाळी सायकलवरून टपाल वाटत फिरतेस, आणि सख्ख्या आत्याला चार ओळी टाकायला तुला तीन तीन महिने लागतात. पोस्टातल्याच बाईची ही तऱ्हा, मग बाकीच्यांना काय बोलायचं!

इकडे सगळे खुशाल. गुरुवारी आंबवलेल्या हेरिंग माशांचा या वर्षीचा पहिला डबा फोडला. तुझ्या एव्हर्टकाकांनी तो अंगणाच्या पार टोकाला नेऊन फोडला, तरी शेजारचं कुत्रं दोन दिवस आमच्याकडे फिरकलं नाही. तू आता दक्षिणेची झालीस, तू पण नाक दाबशील. आमची ओसा नेहमीसारखी गाईंत बुडालेली. बत्तीस वर्षांची झाली तरी गोठ्यातला रेडिओ बंद करू देत नाही. म्हणते, संगीत लागलं की गाई दूध जास्त देतात. पण तुझा फुटबॉलचा सामना असला की संगीताचं नाव नसतं.

गाव तर तुझ्यापायी खुळावलंय. दुकानाच्या दारावर पाटी लावलीय: हिल्लेवीचे गोल २०९, ब्रिता हालग्रेनचा विक्रम २११, सामने उरले पाच. त्यानंतर तुझा गुडघा रामराम म्हणणार, हेही सगळ्यांना पाठ. जो तो पाटी वाचतो आणि माझ्याकडे बघून हसतो. मला मात्र ती पाटी बघवत नाही, म्हणून हल्ली दूधसाखर आणायला काकांना पाठवते.

आता पुढचं बसून वाच. तुझे गोल २०९ नाहीत. २०८ आहेत.

सन एकोणऐंशीचा सप्टेंबर आठव. आपलं एवढंसं गाव, पण तेव्हा उत्तरेकडच्या सगळ्यात वरच्या गटात खेळायचं, म्हणून ते गोलही आज तुझ्या खात्यात धरतात. मैदानाच्या कडेला कॉफी आणि सॉसेजची टपरी माझी. सामना संपला की सहाच्या आत वर्तमानपत्राला फोन करून निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावं कळवायची, तेही काम माझंच. तेवीस वर्षं केलं, नाव इकडचं तिकडे झालं नाही. एकदाच झालं. त्या रविवारी धुकं होतं, आपण तीन-शून्यने जिंकलो. पहिले दोन गोल तुझे. तिसरा आमच्या ओसाचा. फोनवर विचारलं तिसरा कुणाचा, तर मी सांगून बसले, तोही हिल्लेवीचाच.

धुक्यामुळे चुकलं नाही गं. मी जाणूनबुजून केलं. तुझ्या बाबांवर, रूनेवर, जंगलात झाड पडून ते गेले, त्याला चारच महिने झाले होते. तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस, नुसती पळत होतीस. आणि मुलींच्या शिबिराला निवडणारी मंडळी वर्तमानपत्रात तीन गोलवाल्या पोरी शोधतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोनवाल्या पुष्कळ होत्या. माझ्या भावाची पोर तीनवाली व्हायला हवी होती. म्हणून माझ्या पोरीच्या ताटातला एक उचलला आणि तुझ्या ताटात वाढला. ओसाला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, असू दे, तसाही तो गुडघ्याला लागूनच गेला होता. पुन्हा कधी विषय काढला नाही तिने.

तुझा आकडा लहान होता तोवर मला काही वाटत नव्हतं. पण आता ब्रिताबाईंचा विक्रम माझ्या खोट्यावर मोडला गेला, तर मी तोंड कुठे दाखवू? तेव्हा एवढं कर. तीन नको, चार गोल कर. कुणाचं काही बिघडणार नाही आणि मलाही तोंड उघडावं लागणार नाही. तुला काय जड आहे?

निम्मा तरी लोभ शिल्लक ठेव.

तुझी खोटारडी,
गेर्डाआत्या


मालमो,
१२ सप्टेंबर १९९५

ती. गेर्डाआत्यास,

हिल्लेवीचा सा. न. वि. वि. या वेळी दोनच आठवडे लावलेत, तेव्हा राहिलेले निम्मे आशीर्वाद उलट टपाली पाठव.

काय गं आत्या, सोळा वर्षं तू हे पोटात ठेवलंस, आणि मला माहीत नसेल असं वाटलं तुला? मी मैदानात होते! त्या गोलच्या वेळी मी सात पावलांवर चिखलात उताणी पडले होते. चेंडू ओसाच्या गुडघ्याला लागून आत गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला. सोमवारी वर्तमानपत्रात माझं नाव तीनदा बघितलं. मला वाटलं, धुक्यात आत्याला दिसलं नाही, कॉफीच्या भांड्यात डोकं असेल.

आता माझं ऐक. मी तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं, आणि मी गप्प बसले. लाजेने नाही, हावरटपणाने. पुढच्याच आठवड्यात शिबिराचं पत्र आलं आणि मला जायचं होतं. त्या घरातून, बाबांच्या खुंटीवर टांगलेल्या कोटापासून मला लांब जायचं होतं गं. मग मी मनाशी ठरवलं की आपला आकडा आपण एक कमी धरायचा. तेव्हापासून तसाच धरते. लोक शंभरावा गोल म्हणून फुलं द्यायला आले, तेव्हा मी तोंड वाकडं करून उभी होते. तो फोटो तू अजून भिंतीवर लावलायस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस की पोरगी लाजाळू आहे! पुढच्या सामन्यात मात्र मी एकटीच वेड्यासारखी नाचले. मैत्रिणींना वाटलं हिला ऊन लागलं.

पण तू हे बाबांसाठी आणि माझ्यासाठी केलंस, हे मला माहीत नव्हतं. परवा टपाल वाटता वाटता सायकल थांबवून एका अनोळखी जिन्यात बसून रडले. एका म्हातारबुवांनी बिस्किट दिलं.

चार गोल म्हणालीस. रविवारी एक झाला. म्हणजे वर्तमानपत्राचे २१०, माझे २०९, आणि सामने तीन. गुडघा रोज सकाळी सुजलेला असतो, आमचे डॉक्टर बघतात आणि मान हलवतात. तरी बघते. मला हा विक्रम हवाय, आत्या. उगाच नम्रपणा नको, अगदी मनापासून हवाय. पण माझ्या आकड्याने हवाय.

ओसाला एकदा विचार ना. दर नाताळला तिचं कार्ड येतं, त्यात वासरांची नावं असतात आणि बाकी काही नसतं. ती रागावली असेल का?

लोभ पूर्णच ठेव, निम्म्याने माझं भागत नाही.

तुझी भाची,
हिल्लेवी


बियोर्कनेस,
२६ सप्टेंबर १९९५

चि. हिल्लेवीस,

पूर्ण आशीर्वाद, वर मागची बाकीही जोडलीय. म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं, आणि मी मात्र दर रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसत होते! आपल्या घराण्यात तोंड उघडायची पद्धतच नाही. रूने असाच होता.

गावात पुरुषमाणूस औषधालाही नाही. एल्क हरणांच्या शिकारीचा आठवडा चालू आहे, सगळे जंगलात. तरी रविवारी तुझ्या सामन्याच्या वेळी एव्हर्टकाकांनी मचाणावर छोटा रेडिओ नेला. तुझा गोल झाला आणि ते ओरडले. समोर आलेला भलामोठा एल्क जो पळाला, तो थेट शेजारच्या गावच्या शिकाऱ्यांपुढे. आता आमची मंडळी काकांशी बोलत नाहीत. तुझ्या एका गोलपायी आख्ख्या गावाचं हिवाळ्याचं मटण गेलं, ध्यानात ठेव.

पाटीवर आता २११ लिहिलंय, म्हणजे ब्रिताबाईंची बरोबरी. मी मनात २१० म्हणते.

ओसाला विचारलं. हसली आणि बादली उचलून गोठ्यात गेली. मला वाटलं, सुटलो. पण काल दूधखोलीतला खण आवरत होते. गाईंच्या औषधांखाली एकोणऐंशीचं ते कात्रण सापडलं. तिसऱ्या गोलपुढे तुझं नाव होतं. त्यावर पेन्सिलीने काट मारून शेजारी तिचं नाव लिहिलेलं, आणि मग तेही खोडरबराने पुसलेलं. कागद तिथे विरळ झालाय, उजेडाकडे धरला की अक्षर दिसतं.

सोळा वर्षांची होती गं ती. त्या संघात दोन वर्षं खेळली आणि सगळ्या आयुष्यात तिने तेवढा एकच गोल केला. माझ्या हे कधी डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, एक पोर दुःखात आहे आणि दुसरी दणकट आहे. मी ते कात्रण होतं तसं परत ठेवलं. तेव्हापासून तिला सारखी कॉफी विचारते, ती वैतागलीय.

काय करू ते कळव. लोभ कुठे जातोय, तो आहेच.

तुझी,
गेर्डाआत्या


मालमो,
१६ ऑक्टोबर १९९५

ती. गेर्डाआत्यास,

सा. न. वि. वि. रेडिओवर ऐकलंच असशील, तरी रेडिओने सांगितलं नाही ते सांगते.

आधीचा सामना कोरडा गेला. काल शेवटचा. सत्तराव्या मिनिटाला डोक्याने मारला. लोक उसळले, खेळ थांबला, फुलं आली, ब्रिता हालग्रेन स्वतः मैदानात आल्या आणि मला मिठी मारली. २१२! आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनात म्हणत होते, २११. नुसती बरोबरी. अजून वीस मिनिटं आहेत, बाई, सोडा मला.

त्यानंतर मी जी पळाले आत्या, तशी सतराव्या वर्षीसुद्धा पळाले नसेन. सगळ्या ओरडत होत्या की आता कशाला जीव काढतेस, झालं ना! शेवटच्या मिनिटाला चेंडू बरोबर पायावर आला. मारला. खांबाला लागला आणि बाहेर गेला. शिट्टी झाली. मी तिथेच गवतावर बसून रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. आजच्या वर्तमानपत्रात तोच फोटो आहे.

रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल, मी मेल्यासारखी झोपले. पण सकाळी उठले तेव्हा सगळं स्पष्ट होतं. तो एक गोल मला नकोय. मी खेळून संपले, तो आता भरूनही काढता येणार नाही. म्हणून ब्रिताबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, एकटीने विक्रम सांभाळायचा त्यांना कंटाळाच आला होता, दोघी मिळून सांभाळू.

आता तुझं काम. तू कळवलं होतंस, तूच दुरुस्त कर. वर्तमानपत्राला फोन कर. पूर्वी करायचीस तसाच, रविवारी, सहाच्या आत. मला थोडं दुखतंय, खोटं कशाला सांगू. पण दुखणं गुडघ्याएवढंच आहे, त्याची मला सवय आहे.

लोभाचं विचारत नाही. फोन कर म्हणजे पोचला.

तुझी,
हिल्लेवी


बियोर्कनेस,
३० ऑक्टोबर १९९५

प्रिय हिल्लेवी,

ओसाचा स. न. वि. वि. घाबरू नकोस, वासरं सगळी बरी आहेत. पत्र लिहायची मला सवय नाही, म्हणून जे झालं ते तसंच लिहिते.

आईने २२ तारखेच्या रविवारी चर्चचा झगा चढवला, केस विंचरले आणि पावणेसहाला फोन लावला. बियोर्कनेसचा निकाल द्यायचाय, म्हणाली. तिकडचा पोरगा म्हणाला, बियोर्कनेसला संघच नाही. आई म्हणाली, आज नाही, पण एकोणऐंशी साली होता, आणि त्या रविवारचा तिसरा गोल आपण चुकीचा सांगितलाय, तो लिहून घ्यावा. पोरगा स्टॉकहोमकडचा निघाला. त्याने तीनदा विचारलं, नक्की का, आणि आईने तीनदा आपल्याकडच्या पद्धतीने, शब्द न बोलता नुसता श्वास आत ओढून, हो म्हटलं. त्याला वाटलं फोन बंद पडला. शेवटी आई ओरडली. गोठ्यात मला ऐकू आलं.

त्याने तेव्हाच्या संघातल्या बाकीच्यांना विचारलं, तुझ्याशी बोलला, आणि गुरुवारी छापून आलं. ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, चार ओळी. दुकानाच्या पाटीवर आता तुझे २११ आणि खाली माझा १ लिहिलाय. शनिवारी आख्खं गाव कॉफीला आलं. आईने सात प्रकारची बिस्किटं केली, बाबांनी भाषण केलं, शिकारीवाले त्यांच्याशी परत बोलायला लागले. मीही चार शब्द बोलले. सांगितलं की मी कीर्तीच्या शिखरावर असताना निवृत्त झाले आणि सह्या दूध काढून झाल्यावरच मिळतील.

तू आईला विचारलंस, मी रागावले होते का. तुझ्यावर कधीच नाही. पण मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, ते खोटं होतं. गुरुवारी ते कात्रण घेऊन गोठ्यात बसले आणि इतकी रडले की गाई वळून बघायला लागल्या. तू काय सोडून दिलंस ते मला कळतं गं. प्रत्येक सामना ऐकलाय मी, एकोणऐंशीपासून मीही एक कमी धरूनच मोजत होते.

आता एक दुरुस्ती. तू सात पावलांवर उताणी पडली होतीस, हे आईने मला वाचून दाखवलं. सात नाही, तीन. आणि तू का पडलीस ते विसरलेली दिसतेस. चेंडू तुझ्याकडे होता. समोर नुसती गोलकीपर, तिसरा गोल तुझाच होता, कुणी अडवणार नव्हतं. रूनेमामा गेल्यापासून तू कुणाकडे बघत नव्हतीस, आणि त्या क्षणी तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस आणि चेंडू मला दिलास. मागून आलेलीने तुझ्या पायात पाय घालून पाडलं ते त्यानंतर.

हे कुणीच कधी कळवलं नाही. आईला सांगितलंय. येत्या रविवारी, पावणेसहाला, ती परत फोन करणार आहे.

लोभ आहे, तो तुझ्याच पासवरचा.

तुझी,
ओसा
(एकूण गोल १)