काळी पडली की झालं

जळगाव
दि. ८ ऑगस्ट १९९३

ती. यादवभाऊस लिलाचा सप्रेम जयभीम.

तुझं पोस्टकार्ड पोचलं. 'आबांना रविवारी वर्ष होतं, ये.' शाळेतले निबंधसुद्धा तू असेच एका ओळीत उरकायचास. वहिनीची कंबर कशी आहे? मी बरी आहे. थोडा खोकला आहे, तो नोकरीचाच.

प्रयोगशाळेत तेच चाललंय. भरडलेल्या ज्वारीवर पतंग वाढवायचे, त्यांची अंडी डिंकानं जाड कागदाच्या कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर ती चिलटाहून बारीक माशी सोडायची. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिलू आतलं सगळं खाऊन मोठं होतं नि भोक पाडून बाहेर येतं. असं कार्ड कपाशीला लावलं, की बाहेर आलेल्या माश्या बोंडअळीच्या अंड्यांचंही तेच करतात. अळी जन्मतच नाही, फवारा लागत नाही. तू गावभर सांगायचास, 'आमनी लिला चिलटं पायस.' चिलटं पाळते म्हटलं की मला राग यायचा. आता वाटतं, एकदा म्हण.

पतंगांच्या पंखांचा भुसा छातीत जाऊ नये म्हणून आम्ही दिवसभर तोंडाला फडकं बांधतो. आबांनी त्या दिवशी बांधलं नव्हतं.

भाऊ, त्या दिवसाबद्दल तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे मी लपवलंय.

तू फवारणीचं औषध कालवून पंप भरून दिलास आणि बैल घेऊन एरंडोलला नालबंदाकडे गेलास. आबा वाऱ्याच्या तोंडावर फवारत राहिले आणि कपाशीच्या सरीतच पडले. आबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिकुबाई आत्या सगळ्यांसमोर तुला म्हणाली, 'औषध तूच कालवं, तुना बापले तूच मारं.' तू मान खाली घातलीस, ती वर्ष झालं वर केली नाहीस. वहिनी सांगत होती, तू पंप विहिरीत टाकलास आणि जेवायला बसलास की अर्ध्यातून उठतोस.

मी तेव्हा तुझ्या शेजारीच बसले होते. मी तोंड उघडलं नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर तू मला सांगितलंस ते आठवतं? 'आबा म्हणे, लिलानं कार्ड काळं पडी गयं, खराब झायं, आते फवारनीच करनी पडी.' तुला वाटलं, कार्डच खराब होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

कार्ड चांगलं होतं. माशीचं पिलू आत वाढलं की अंडं काळं होतं. आम्ही इथे काळ्या अंड्यांचीच वाट बघतो. कार्ड काळंभोर झालं की प्रयोगशाळेच्या बाई खूश होतात. मी ते तोताराम कंडक्टरच्या हाती पाठवलं तेव्हा अंडी पिवळसर होती. गाडी सुटत होती, तोताराम घंटी मारत होता. मी पाठीमागे घाईनं एवढंच लिहिलं, 'आबा, चार दिवसांत अंडी काळी पडली की झालं.'

मला म्हणायचं होतं, तयार झालं, आता पानाखाली लावा. आबांनी उभा जन्म ज्वारी केली. पावसात सापडलेली ज्वारी काळी पडली की आपल्याकडे काय म्हणतात? 'झालं.' म्हणजे गेली, संपली. मीसुद्धा त्याच घरात वाढले आणि माझ्या ध्यानात आलं नाही.

पुण्यानुमोदनाच्याच दिवशी, आत्या बोलल्यानंतर, पाणी प्यायला आत गेले तर कोनाड्यात कार्ड दिसलं. आबांनी फेकलं नव्हतं. लेकीनं पाठवलेलं म्हणून ठेवलं असेल. मी उजेडात धरून पाहिलं. प्रत्येक काळ्या अंड्याला बारीक भोक होतं. सगळ्या माश्या बाहेर आल्या होत्या, आपल्या घरात, भिंतीत. कोनाड्यात मेलेल्या माश्यांची राख साचली होती. मी कार्ड पदराखाली घेतलं आणि बाहेर येऊन तुझ्या शेजारी पुन्हा बसले.

वर्षभर ते माझ्या पेटीत होतं. मला तुझी भीती नव्हती, आत्याची होती. माझी नोकरी, माझं शिक्षण, आबांना केवढा अभिमान. तोच कोणी काढून घेईल असं वाटलं. त्यासाठी मी तुला तसंच बसू दिलं.

कार्ड सोबत पाठवते. पाठीमागचं अक्षर माझं आहे, आत्याला दाखव. रविवारी पंगत बसायच्या आधी हे पत्र सगळ्यांसमोर वाच. तुझ्यानं वाचवलं नाही तर मी येतेच आहे, उभी राहून मी वाचेन. त्यानंतर मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव.

पण त्या दिवशी पोटभर जेव, भाऊ. औषध तू कालवलंस, पण फवारायला मी लावलं.

जिला एक ओळ नीट लिहिता आली नाही ती,
तुझी लिला