चालू प्रिंटरची पूजा

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून एक कागद निघाला नाही. कारण काय, तर मुरुडची बस उशिरा आली.

हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आमच्या महामंडळाच्या लातूर उपकार्यालयात प्रिंटर एक. तो जोडलेला दामिनीच्या संगणकाला. मुख्यालयानं सुरक्षेच्या नावाखाली नेटवर्क असं आवळलंय की महामंडळाची साइट सोडून काही उघडत नाही, पेनड्राइव्ह लावला की मशीन बोंबलतं. म्हणून सगळ्यांच्या प्रिंटा दामिनीच्या संगणकातून जाणार. तो बंद तर कार्यालय बंद. दामिनी कंत्राटी ऑपरेटर. मुरुडहून येते. बस बिघडली की महामंडळ बिघडतं.

साहेब — हणमंतराव — अकरापर्यंत दारात उभे. "ही बाई नोकरी करायली का उपकार?"

बाईचा पगार साहेबांच्या पेट्रोलाइतका असेल.

२४ सप्टेंबर

आज ट्रेमध्ये माझ्या अहवालाच्या मधोमध वीरभद्रांच्या मेहुणीच्या बाळाच्या बारशाची पत्रिका निघाली. वीरभद्र म्हणजे आमचे हेडक्लार्क. कपाळावर विभूती, गालात गुटखा. बोट चाटून कागद वेगळे करतात. माझ्या अहवालाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तांबडा ठसा. तसाच मुख्यालयाला पाठवला. बघू दे त्यांनाही.

शिसारी आली. जेवण गेलं नाही. सिंधु, म्हणजे बायको, म्हणाली, "हापिसातलं हापिसात ठेवून येत जा." कसं ठेवू? कागदाला वास येतो.

२६ सप्टेंबर

काही नाही. टोनर संपला. वीरभद्रांनी डबा काढून थापट्या मारल्या. भिंत काळी, ते काळे, विभूती मात्र जिथल्या तिथे.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. आमचं हत्यार म्हणजे प्रिंटर, त्यामुळे त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, वर आपट्याची पानं. कागद जातो त्या फटीतही वीरभद्रांनी भक्तिभावानं अक्षता टाकल्या.

दामिनी म्हणाली, "थांबा, स्विच बंद करते."

वीरभद्र म्हणाले, "बंद यंत्राची पूजा करत्यात व्हय बाई? मेलेल्याची करत्यात तशी. चालू राहू द्या."

नारळ फोडायला दगड शोधेपर्यंत साहेबांना दम नव्हता. त्यांना गावी जायचं होतं. प्रिंटरच्या लोखंडी स्टँडच्या कडेवरच हाणला. पहिल्या घावाला फुटला, पाणी थेट प्रिंटरच्या पोटात. चर्र झालं. धूर. लाइट गेली. साहेब मागं सरताना माझ्या पायावर उभे राहिले.

मग वीरभद्र म्हणाले, "देवानं घेतलं."

खोबरं वाटलं. गोड होतं. मीही खाल्लं.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रिंटर गेला तो गेलाच. मुख्यालयातून विचारणा: कशामुळे निकामी झाला, प्रत्येकानं लेखी खुलासा द्यावा.

साहेबांनी बोलावून घेतलं. चहा मागवला, म्हणजे काहीतरी घाण येणार हे कळलं.

"अमरेश, नारळ लिहिता येत न्हाई. सरकारी यंत्रावर नारळ फोडला म्हणलं तर माझं पेन्शन अडकंल. ऑपरेटरच्या हातून पाणी सांडलं, एवढंच. पाणी तर होतंच की."

"आणि दामिनी?"

"कंत्राटीचं काय, आज हाय, उद्या न्हाई. तिला काय शिक्षा करतेत?"

करतात ना. तिची मुदत एकतीस ऑक्टोबरला संपते. खुलाशात तिचा हलगर्जीपणा आला की नवी ऑर्डर निघत नाही. घरात येतो तो पगार तिचा एकटीचा. साहेबांना हे माहीत आहे. वीरभद्रांना माहीत आहे. मलाही.

८ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरून उसना प्रिंटर आणला. तो आता साहेबांच्या संगणकाला जोडलाय. शहाणे झाले. साहेबांनी खुलासे स्वतःच काढले, मजकूर एक, खाली नावं वेगळी. लग्नाच्या पत्रिकांसारखे वाटले. वीरभद्रांनी वाचलाच नाही, बोट चाटलं आणि सही ठोकली.

माझा कागद मी फायलीखाली सारला. "चष्मा आणला नाही," म्हणालो. चष्मा डोळ्यावर होता. साहेबांनी चष्म्याकडे बघितलं.

"माहूरला माणूस मागायलेत," म्हणाले. "कोणाला पाठवावं, इचार करायलाव."

९ ऑक्टोबर

सिंधुला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"हदगावची आठ वर्षं इसरलात का? शनिवारी यायचं, सोमवारी पहाटं जायचं. आत्ता कुठं घरात माणूस असल्यावाणी वाटायलंय. कशाला मधी पडताय?"

बरोबर आहे तिचं. सही करून टाकावी. साहेब लबाड, वीरभद्र बुळे, मुख्यालय आंधळं. मी एकट्यानं कुणाचं काय धुणार आहे?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा दामिनी टेबलाशी आली. हात पदरात गुंडाळलेले.

"सर, तुम्ही तरी खरं लिहा."

मी तिला समजावून सांगितलं. अगदी मुद्देसूद. टाइप केलं की प्रिंट साहेबांच्या संगणकातूनच जाणार. तिथं ते वाचणार. मेल बंद, पेनड्राइव्ह बंद. सगळीकडून कोंडी आहे, मी तरी काय करू.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हातानं लिहा की, सर."

एवढंच बोलली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या संगणकाला आता काही जोडलेलं नाही. केबलचं टोक तसंच खाली लोंबतंय.

रात्री हे लिहितोय. हातानं. वर्षानुवर्षं या वह्यांत साहेबांची, वीरभद्रांची, अख्ख्या खात्याची सालं काढली. पेनाला कधी परवानगी लागली नाही. दुसऱ्यांची किळस इतकी वर्षं आली. आज पहिल्यांदा ती जवळून आली. अगदी सदऱ्याच्या आतून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चार ओळी लिहिल्या. नारळ कुणी फोडला, कुठे फोडला, स्विच बंद करू का हे कुणी विचारलं आणि तिला गप्प कुणी केलं. एकही टोमणा नाही. टोमण्याशिवाय लिहिणं लई अवघड जातं.

रजिस्टर पोस्टानं थेट मुख्यालयाला पाठवलं. खिडकीतली बाई लिफाफा तोलत म्हणाली, "आत काय हाय?"

"नारळ," म्हणालो.

ती हसली नाही. पावती दिली.

सिंधुला सांगितलं. जेवून उठताना एवढंच म्हणाली, "माहूरला थंडी लई असतीया."

२४ ऑक्टोबर

साहेब दिवाळीचा फराळ सगळ्यांना देत फिरले. माझ्या टेबलापाशी डबा बंद झाला. वीरभद्र दुरूनच म्हणाले, "काय अमरेशअप्पा, लई मोठं झालात." चकलीचा वास मात्र आला.

३ नोव्हेंबर, सोमवार

बदलीचा आदेश आला. माहूर. एकतीस तारीख उलटली तरी दामिनी जागेवर आहे, केबल परत तिच्याच संगणकाला. प्रिंट तिनंच काढून दिली — दोन प्रती.